ठासणीच्या लांब रायफलीबद्दल काही दुरुस्त्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी ‘लाँग रायफली’च्या, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून गजाने ठासून भरायच्या जुन्या लांब बंदुकीच्या, नव्याने घडवलेल्या नकलांवर लेख आला होता. छायाचित्रे देखणी होती, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांचा इतिहासही ठीक होता. पण त्यात तीन विधाने अशी आहेत की ती तशीच राहू देणे बरे नाही. एक, अशी बंदूक घ्यायला परवाना लागत नाही. दोन, ती म्हणजे आपली ठासणीची बंदूकच, फक्त नटवलेली. तीन, काळ्या दारूत, म्हणजे बंदुकीच्या जुन्या पद्धतीच्या, धूर करणाऱ्या दारूत, जोर कमी, त्यामुळे थोडेफार चुकले तरी चालते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. त्या घरांतली मुले मोबाइलवर अमेरिकी नेमबाजांचे व्हिडिओ बघतात आणि तेच आजोबांच्या बंदुकीत करून बघायला जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर कात्री लावा, पण गजाच्या खुणेचा भाग तेवढा ठेवा.

आधी परवान्याचे. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने जुन्या बंदुका आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या त्यांच्या ठासणीच्या नकला नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी ती टपालाने घरी येते, हे खरे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे आणि त्यात अशी सूट नाही. कलम ४५ मधली सवलत आहे ती कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना, आणि तीही दुरुस्त करूनसुद्धा उडणार नाहीत अशांनाच. नवी नक्कल उडते. उडवण्यासाठीच ती घेतात. कलम १३ मध्ये खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे आणि ती पुरी पडत नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. रायफल म्हणजे आत पेचदार आटे पाडलेली नळी. ती या तरतुदीत आपोआप बसते असे धरून चालू नये. आधी परवाना शाखेत लेखी विचारावे. परदेशातून आणायची तर आयातीचा परवाना निराळा. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा नव्हे, त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालची परवानगी लागते, हेही लेखात यायला हवे होते.

आता जोराचे. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या नळीत बसणारी शिशाची गोल गोळी साधारण साडेअकरा ग्रॅमची असते. साडेचार ग्रॅम चांगली दारू आणि लांब नळी असली तर ती सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या गोळीपेक्षा ही ऊर्जा दुपटीहून जास्त भरते. गोल गोळी हवेत लवकर मंदावते म्हणून तिचा पल्ला कमी. पण शंभर पावलांवर ती माणसाला किंवा गुराला आरपार जाऊ शकते, याला ‘जोर कमी’ कसे म्हणायचे?

दुसरे विधान, ती आपलीच बंदूक, हे अर्धे खरे असल्यामुळे जास्त फसवे आहे. दोन्हींत दारू आणि गोळी तोंडाकडून भरतात, गजाने ठासतात, एवढेच साम्य. आपल्याकडची बहुतेक ठासणीची बंदूक केपेची (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीची), गुळगुळीत नळीची असते. तिच्यात दारू, त्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे आणि वर पुन्हा बोळा असा बार भरतात. छर्रे पसरतात, तीस-पस्तीस पावलांच्या पुढे नेमाची गोष्ट राहत नाही. लाँग रायफल अठराव्या शतकात आखूड, जाड गोळीच्या जर्मन येगर रायफलीवरून तयार झाली. नळी लांबून चाळीस-बेचाळीस इंचांवर गेली, गोळी बारीक झाली, त्यामुळे शिसे आणि दारू दोन्ही वाचली. तिच्या नेमाचे रहस्य नळीच्या लांबीत नाही. गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान घेतात आणि तिच्याभोवती तेलमेण लावलेली सुती चिंधी गुंडाळून ठासतात. चिंधी आट्यांत घट्ट बसते, आटे चिंधीला फिरवतात, चिंधी गोळीला फिरवते. फिरणारी गोळी सरळ जाते. शिसे नळीला टेकतच नाही. गुळगुळीत नळीत हीच चिंधी वापरली तर गोळी चाळीस-पन्नास पावले बरी जाते, पण तिला फिरकी मिळत नाही.

निवडताना लोक दस्त्याच्या लाकडाकडे आणि पितळी कामाकडे बघतात. मेपलच्या लाकडातले पट्टे, गालाची चांदणी, चिंध्यांची पितळी डबी, सगळे सुंदर असते; ते शेवटी बघावे. आधी नळी. गोल गोळीसाठी आटे सावकाश फिरणारे हवेत: ६६ ते ७० इंचांत एक फेरा. खाचा खोल असाव्यात, म्हणजे चिंधी त्यांत शिरते. ४८ इंचांत एक फेरा असलेल्या नळ्या पुष्कळ कारखानी नकलांत येतात. त्या मधला मार्ग आहेत. गोल गोळी चालते, पण दारू जरा जास्त झाली की चिंधी आटे सोडून सरळ घसरते आणि नेम विखुरतो. पंचवीस-तीस इंचांत एक फेरा ही नळी लांबट गोळ्यांची. ती गोल गोळीसाठी घेऊच नये.

मग जाडी. पन्नास कॅलिबरमध्ये (इंचाचा पन्नास शतांश, म्हणजे तोच अर्धा इंच) गोळ्या, साचे, चिंध्या सहज मिळतात आणि कागदी लक्ष्यापासून हरणाच्या शिकारीपर्यंत सगळे त्यात होते, म्हणून अमेरिकेतला नवखा बहुधा तेच घेतो. पंचेचाळीसमध्ये धक्का कमी, शिसे कमी. चौपन्न अंगावर येते. वजनाचा विचार फार कोणी करत नाही. बेचाळीस इंचांची अष्टकोनी नळी सरळ जाडीची असली तर सगळा भार पुढे जातो आणि पाच मिनिटांत डावा हात थरथरतो. चांगल्या नकलेत नळी मागे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित जाड घडवलेली असते. ती महाग पडते, पण हातात घेतली की फरक कळतो. दस्त्याचा शेवट ते चाप हे अंतर साधारण साडेतेरा इंच. आखूड हाताच्या माणसाने ते कमी करून घ्यावे. जुन्या धाटणीचा दस्ता खूप वाकलेला आणि टोकाला चंद्रकोरीसारखा असतो. तो खांद्याच्या खळगीत नव्हे, दंडाच्या वरच्या भागावर टेकवायचा. खांद्यात धरला तर कोरीची दोन टोके रुततात आणि लोक बंदुकीला नावे ठेवतात.

कळ, म्हणजे बार उडवणारी घोडा-चापाची यंत्रणा, तपासायची रीत दोन्ही प्रकारांना सारखी लागू आहे, म्हणून आपल्याकडच्या परवानाधारकांनीही करावी. नळी रिकामी असल्याची खात्री करून घोडा अर्ध्यावर ठेवा आणि चाप दाबा, मग घोड्याला अंगठ्याने पुढे रेटा. तो सुटला तर बंदूक कारागिराकडे जाईपर्यंत भरायची नाही. केपेच्या बंदुकीत निपलचे, म्हणजे केप जिच्यावर बसते त्या बोंडीचे, भोक बघा. ते झिजून मोठे झाले असेल तर बाराचा दाब उलटा येऊन घोडा मागे फेकतो, केपेचे तुकडे डोळ्याकडे उडतात. बुडाच्या बुचाभोवती काळी ओल किंवा काजळीची रेषा दिसली तर बुचाचे आटे गळत आहेत. नळीत आतून उजेड सोडून बुडाकडचा वीतभर भाग बघा. खड्डे असतात ते तिथेच, कारण दारूची राख तिथे बसते.

नव्या नळीवर परीक्षेची, म्हणजे ती बाराचा दाब सोसते हे तपासल्याची, खूण असते. इटलीतल्या गार्दोने येथे तपासलेल्या नळ्यांवर काळ्या दारूच्या परीक्षेची ‘पीएन’ ही रोमन अक्षरे उमटवलेली असतात. पेडरसोलीसारख्या इटालियन कारखान्यांच्या नकलांवर ती सापडतात. भारतात घडवलेल्या ब्रिटिश ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या नकला अमेरिकेत आणि कॅनडात विकल्या जातात, हे आपल्या लेखकाने अभिमानाने लिहिले आहे. त्यांतल्या बऱ्याच कान (आतली दारू पेटवायचे बुडाजवळचे भोक) न पाडता, म्हणजे बाराच्या लायक नसलेल्या अवस्थेत जातात आणि म्हणून परीक्षाही झालेली नसते. त्या मिरवणुकीसाठी ठीक. त्यांना नुसते भोक पाडून बार काढणे म्हणजे परीक्षा आपल्या गालाजवळ घेणे.

चकमकीची घ्यावी की केपेची? पावसाळी प्रदेशात केपेची. चकमकीच्या कळीत गारगोटी पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या रंजकदाणीत (कानाबाहेरच्या छोट्या वाटीत) पाडते, तिच्यातली बारीक दारू म्हणजे रंजक पेटते आणि ज्वाळा कानातून आत जाते. साखळीतला एक दुवा ढिला पडला की नुसती रंजक उडते, बार होत नाही. गारगोटी चामड्याच्या तुकड्यात धरून घट्ट बसवायची, तिची धार पट्टीला समांतर हवी. कान दीड-पावणेदोन मिलिमीटरचा. रंजकदाणी काठोकाठ भरायची नाही. एक तृतीयांश ते निम्मी, कान उघडा राहील अशी. कान रंजकेत बुडाला तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि चाप ओढल्यावर बार होईपर्यंत जीव खाली-वर होतो. तेवढ्यात बंदूक हलते. नीट जुळलेल्या कळीत ठिणगी आणि बार हे दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत. उजव्या बाजूला मात्र कोणी उभे राहू नये, कानातून ज्वाळेची सळी बाहेर येते. पर्यायी काळ्या भुकट्या विकतात त्या पेटायला जास्त उष्णता लागते. त्या केपेवर चालतात, चकमकीवर नाहीत.

आता भरणे. क्रम सांगतो तो पन्नास कॅलिबरच्या केपेच्या लाँग रायफलीचा. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीत ही मापे वापरायची नाहीत. तिची नळी तोंडाकडे पातळ असते आणि वय कोणालाच धड सांगता येत नाही.

पहिली गोष्ट गज. नळी रिकामी असताना गज आत सोडून बुडाला टेकवा आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक बारीक रेघ कोरा: ही ‘रिकामी’ची खूण. नेहमीचे माप भरून गोळी दारूवर बसल्यावर दुसरी: ही ‘भरली’ची. बाकी सगळे विसरले तरी चालेल. बंदूक हातात आली की आधी गज टाकायचा आणि रेघ बघायची, मग ती स्वतःची असो, भावाची असो वा भिंतीवर दहा वर्षे लटकलेली. मागच्या दाराने भरायच्या बंदुकीत काडतूस दिसते. इथे आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, केप काढली म्हणून बार नाहीसा होत नाही आणि कोरडी राहिलेली काळी दारू पिढी उलटली तरी उडते.

रिकामी असल्याची खात्री झाली की नळीतले तेल कोरड्या चिंधीने पुसा. निपलवर केप लावून नळी गवताच्या पात्याकडे धरून फोडा. पाते हलले तर वाट मोकळी आहे. नसेल तर बुडात तेल साचले आहे. मग दारू. मापीतूनच, कधीही थेट डबीतून किंवा दारू ठेवायच्या शिंगातून नाही. आधीच्या बारातली ठिणगी नळीत जिवंत असली तर मापीतली चिमूट जळते. शिंग जोडलेले असले तर शिंग हातात फुटते. सुरुवातीचे माप ग्रेनमध्ये कॅलिबरच्या आकड्याइतके, म्हणजे पन्नासला पन्नास ग्रेन, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. दाणा बारीक, तीन एफचा (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). चौपन्न आणि वरच्या जाडीला दोन एफचा जाड. चार एफची धूळ फक्त रंजकेला. मग पाच-पाच ग्रेन वाढवत जायचे आणि गोळ्या कागदावर सर्वांत जवळ पडतात तिथे थांबायचे, कारखान्याने सांगितलेली कमाल ओलांडायची नाही. धूरविरहित दारू, काडतुसातून काढलेली असो वा कुठलीही, एक चिमूटही नको. फटाक्यातली दारूही नको. तिच्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, ती एका झटक्यात जळते आणि नळी फाडते. केप मिळत नाही म्हणून काडेपेटीचा गुल खरवडून वापरणारे आहेत. तो गुल घासल्यानेच पेटतो, तिथे घोडा हळूच उतरवण्याचा प्रश्नच उरत नाही.

चिंधी शंभर टक्के सुती, घट्ट विणीची, ०.०१५ इंच म्हणजे ०.३८ मिलिमीटर जाडीची. गादीला लावतात ते पट्ट्यांचे कापड उत्तम, आधी धुऊन खळ काढायची. टेरीकॉट वितळून नळीला चिकटते. गोळी ०.४९० इंचाची, शुद्ध मऊ शिशाची. जुन्या बॅटऱ्यांचे शिसे कडक असते आणि वितळवताना विषारी वाफ सोडते, ते साच्यात घालू नये. गोळीवर साच्याचा देठ राहतो तो वर, मधोमध. आखूड ठोकण्याने गोळी दोन-चार इंच आत घ्यायची आणि मग गज. गज तोंडापासून वीतभरच अंतरावर धरून छोट्या छोट्या दाबांनी खाली न्यायचा. वरच्या टोकाला धरून सगळा जोर लावला तर लाकडी गज वाकतो, तिरकस मोडतो आणि त्याचे सुळके तळव्यातून आरपार जातात. गजाचे लाकूड घेताना रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या बघायच्या त्या यासाठी. गोळी दारूवर टेकली की ‘भरली’ची रेघ तोंडाशी येते. तिथे थांबायचे, गज आपटून गोळी चेपायची नाही. रेघ वर राहिली तर गोळी मध्येच अडकली आहे. गोळी आणि दारू यांत पोकळी ठेवून बार काढला तर नळीला त्या जागी फुगवटा येतो किंवा ती फुटते. ठासणीच्या नळ्या फुटण्याच्या मोठ्या कारणांत दोन भरे एकावर एक आणि ही पोकळी येतातच, आणि दोन्ही गजाच्या रेघेवर दिसतात. गज बाहेर काढून बाजूला ठेवायचा (नळीत राहिलेला गज बाणासारखा जातो), आणि केप सर्वांत शेवटी, लक्ष्याच्या जागेवर उभे राहिल्यावर.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी तशीच लक्ष्याकडे धरून पूर्ण एक मिनिट थांबायचे. मग नवी केप. तरी नाही, तर निपल काढून खाली चार दाणे दारू सोडायची. दारू न घालताच गोळी ठासली असेल, आणि हे सगळ्यांचे कधी ना कधी होते, तरी हाच उपाय; फक्त बार काढण्याआधी गोळी गजाने पुन्हा त्या दाण्यांवर घट्ट बसवून घ्यायची. तेही जमले नाही तर नळीत पाणी ओतून दारू पूर्ण भिजू द्यायची आणि गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी उपसायची. कोरड्या दारूवर स्क्रू फिरवणे म्हणजे नळीच्या तोंडासमोर तोंड नेणे.

नेम लावताना आधी पंचवीस यार्डांवर, मग पन्नासवर. नव्या नकलेची माशी, म्हणजे नळीच्या तोंडावरचा नेमाचा काटा, कारखाना मुद्दाम उंच ठेवतो. गोळ्या खाली पडत असतील तर माशी कानशीने थोडी थोडी उतरवायची, गोळ्या वर येतात. एकदम उतरवली तर परत चढत नाही. डावे-उजवे मागच्या खाचेने: गोळी जिकडे न्यायची तिकडे खाच सरकवायची.

आणि मग जमिनीवरची जळकी चिंधी शोधायची. हे काम कोणी करत नाही, खरी उत्तरे मात्र तिथेच पडलेली असतात. ती नळीपासून पंधरा-वीस पावलांत सापडते. मध्ये काळा गोल, कडा तुसासारख्या मोकळ्या, कापड शाबूत: सगळे ठीक. मधोमध जळून भोक पडले: तेलमेण कमी, कापड पातळ किंवा दारू जास्त. गोळीच्या परिघावर रेषेने कापली गेली: नळीच्या तोंडाची कड धारदार आहे किंवा आटे नवे आणि खरखरीत आहेत, तोंड बारीक पॉलिश पेपरने अंगठ्याखाली फिरवून घासून घ्यावे. चिंध्याच सापडल्या नाहीत तर त्या नळीतच भुगा होत आहेत. दारूचे माप बदलत बसण्याआधी चिंधी बघितली तर निम्मे शिसे वाचते.

आता कोकणाचे. इथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, लक्ष्य लावतात, कारण मोकळी जागा तिथेच असते. गोल गोळी कातळावर आपटून कुठल्याही कोनात उसळते. जांभ्याचा गडगा पाठीमागे असणे हाही आडोसा नव्हे, चिरा फुटून तुकडे परत येतात. मागे मऊ मातीची उंच दरड किंवा बांध हवा. दुसरे, धुमसती चिंधी. मार्च ते मे सड्यावरचे गवत आणि काजूखालचा पाला पेटायला एक चिंधी पुरते. वानर हाकलायला काढलेल्या नुसत्या आवाजाच्या बारातही बोळा जळतच बाहेर पडतो. बार काढल्यावर जागेवर जाऊन बोळा विझवावा, पाण्याची कळशी जवळ असावी. काजूच्या बागेत सुती बोळ्याऐवजी जाड पुठ्ठ्याची चकती वापरली तर हा धोका कमी होतो, संपत नाही.

तेलाचेही इथे वेगळे. मेण एक भाग आणि खोबरेल तीन भाग वितळवून केलेले मिश्रण चिंधीला चांगले. नुसते खोबरेल चोवीस अंशांच्या वर पातळच असते, आपल्या उन्हाळ्यात ते चिंधीतून झिरपून दारू ओली करते. नुसती थुंकी लावलेली चिंधी लगेच बार काढायचा असेल तर चालते, भरून ठेवायला नाही. खनिज तेल काळ्या दारूच्या राखेत मिसळले की डांबरासारखा थर होतो, तिसऱ्या-चौथ्या बारानंतर गोळी खाली जात नाही आणि मग लोक गज दगडाने ठोकतात.

दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वस्तुमान घन राख म्हणून मागे राहते, त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतले पाणी ओढतात. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर त्यात खारे वारे मिसळतात, आणि आज संध्याकाळी न धुतलेली नळी उद्या सकाळी आतून तांबडी दिसते. दोन बारांच्या मध्ये किंचित ओली चिंधी एकदा आत-बाहेर फिरवावी. फार ओली नको, राख बुडात ढकलली जाऊन वाट बुजते. रात्री साधे कोमट पाणी, दुसरे काही लागत नाही. क्षार पाण्यातच विरघळतात, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये नाही. उकळते पाणी ओतू नये, नळी गरम असताना क्षणात पातळ गंज धरते. चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत धुवायचे, कोरडे पुसायचे, मग तेलाचा पातळ हात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी. दुसऱ्या दिवशीच्या चिंधीवर तपकिरी डाग आला तर काम राहिले होते. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी. बंदूक कातडी म्यानात ठेवू नये, कातडे दमट राहते.

शेवटी निवडणुकांचा विषय, कारण तो लेखात नव्हता आणि इथे सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. जमा करावी की नाही यावर वाद होत राहतील. जमा करताना दोन गोष्टी करता येतात. देताना मालकाने सर्वांदेखत गज टाकून ‘रिकामी’ची रेघ दाखवावी आणि घोड्याला ‘रिकामी’ अशी चिठ्ठी, तारखेसह, बांधावी. ठाण्यातल्या नोंदवहीतही एवढा एकच शब्द यावा. भरलेल्या बंदुका रांगेने भिंतीला टेकवलेल्या असणे हा तिथल्या शिपायांनाच पहिला धोका आहे. दुसरे, त्या महिना-दीड महिना कुठे पडून राहतात ते आपल्या हातात नसते. म्हणून नळीत तेलाचा हात नेहमीपेक्षा जाड द्यावा, निपल काढून त्याच्या आट्यांना मेण लावून परत बसवावे, तोंडात तेलाचा बोळा द्यावा आणि त्याला लाल दोरी बांधून ती बाहेर लोंबती ठेवावी. परत घेताना आधी ती दोरी ओढायची, मग गज टाकायचा. तेल पुसल्याशिवाय आणि दोन केपा गवतावर फोडून बघितल्याशिवाय पहिला बार भरायचा नाही.

कळावे,
आपला,
एक परवानाधारक बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग